पाण्याचा कान

रात्री कुणी नळ उघडलेला नसतो, कुणी उठलेलंही नसतं, आणि तरी पलंगाखालचा पंप दोन क्षण घुरघुरतो आणि गप्प होतो. नवरा कूस बदलून पुन्हा घोरायला लागतो. मी मात्र जागी. पुढचा घुरघुराट किती वेळाने येतोय याकडे कान लागतो, आणि एकदा कान लागला की झोपेचं काही खरं नाही. घरी असं होत नाही. घरात पाणी भिंतीआड मुकाट उभं असतं. त्याच्यामागे कुठे तरी उंच टाकी असते, टाकीमागे शहराचे पंप, रात्रपाळीची माणसं, महिन्याचं बिल. आपण फक्त तोटी फिरवायची. आमच्या राहायच्या गाडीत या सगळ्या लवाजम्याच्या जागी एक छोटी मोटार आणि पलंगाखाली एक टाकी एवढंच असतं, त्यामुळे पाण्याच्या घरात काय चाललंय ते सगळं ऐकू येतं.

पंपाच्या तोंडाशी दाब ओळखणारी एक कळ असते. नळ बंद केला की पाइपांतला दाब चढत जातो, चौरस इंचाला ४० पौंडांच्या आसपास गेला की ती कळ पंप थांबवते. नळ उघडला, दाब उतरला, की पुन्हा सुरू. तेव्हा मध्यरात्री पंप आपण होऊन चालला, तर दाब कुठून तरी निसटतोय. थेंबाथेंबाने का होईना, पाणी कुठे तरी चाललंय. कुठे, हे मात्र पंप सांगत नाही.

गाडी १९७६ सालची जीएमसी मोटारहोम. जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या काळात मिशिगनमधल्या पॉन्टिअ‍ॅक गावी अशा तेरा हजारांना थोड्या कमी गाड्या बांधल्या आणि मग तो उद्योगच बंद केला. इंजिन साडेसात लिटरचं, ताकद पुढच्या चाकांना. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडाच नसल्यामुळे गाडीचा तळ इतका खाली आणता आला की आत चढताना गुडघ्यांना विचारावं लागत नाही. समोरची काच एवढी मोठी की बसल्या जागी अर्धं आभाळ दिसतं. नवरा डेट्रॉईटच्या मोटारधंद्यात अख्खी नोकरी करून निवृत्त झाला. निवृत्तीनंतर माणसाने गाड्यांपासून लांब जावं की नाही? याने पन्नाशीला टेकलेली गाडी दारात आणून उभी केली. इंजिन, ब्रेक, मागच्या चाकांवरच्या हवेच्या पिशव्या, हे सगळं त्याच्याकडे. पाणी माझ्याकडे. ही वाटणी कुणी ठरवली नाही. मी लातूरची, पाण्याचं खातं माझ्याकडे आपोआपच चालत आलं.

लातूरला आमच्या अंगणात नळ होता, आणि त्याला पाणी कधी येईल ते नगरपालिका आणि देव या दोघांनाच ठाऊक असायचं. बहुधा पहाटे यायचं. पाण्याच्या आधी नळातून हवा यायची. आधी बारीक सूं, मग खाकरल्यासारखं काही तरी, मग गढूळ पाण्याची एक चूळ, आणि मग धार. आई दिवसभराच्या कामाने मेल्यासारखी झोपलेली असायची, पण त्या सूं ला उठायची. खाकरण्यापर्यंत थांबायची सुद्धा नाही. आम्ही पोरं धार हंड्यात वाजायला लागली की मग डोळे चोळत उठायचो, तोवर तिची प्यायच्या पाण्याची घागर लागलेली असायची. आधी प्यायचं, मग स्वयंपाकाचं, मग वापरायचं. हा क्रम कधी मोडला नाही. वडिलांना तो सूं कधीच ऐकू आला नाही. त्यांचे कान चांगले होते. पाणी भरायचं काम त्यांचं नव्हतं, एवढंच.

२०१६ च्या दुष्काळात, एप्रिलमध्ये, मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी नेलं. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. भावाने फोन केला, म्हणाला, "ताई, स्टेशनवर ही गर्दी. लोक पाणी बघायला आलेत." मी तेव्हा मिशिगनमध्ये होते. इथे पाच महासरोवरं पसरलेली आहेत, आणि पृथ्वीच्या पाठीवर तळ्यानद्यांत जे गोडं पाणी आहे त्याचा जवळपास पाचवा हिस्सा त्यांच्यात आहे. खिडकीबाहेर शेजाऱ्यांच्या हिरवळीवर फवारे फिरत होते. मी काही बोलले नाही. त्या दिवशी भांडी घासताना नळ बारीक केला, त्याचा लातूरला काडीचाही उपयोग नव्हता.

मोटारहोमच्या टाकीत दीडशे लिटर मावतं. सरोवराच्या काठावर गाडी उभी करून त्या दीडशे लिटरचा हिशोब ठेवत आंघोळ करायची हे लोकांना चमत्कारिक वाटतं, मला वाटत नाही.

तर गळती. लातूरजवळ औशाकडे मामाच्या विहिरीवर पाच अश्वशक्तीची मोटार होती. उन्हाळ्यात ती महिन्यातून एकदा तरी "पाणी सोडायची". विहिरीत सोडलेल्या पाइपच्या टोकाशी फूटव्हॉल्व्ह असतो. पाइपात चढलेलं पाणी मोटार थांबल्यावर खाली पळून जाऊ नये म्हणून बसवलेली ती झडप. तिच्यात काडीकचरा अडकला की पाणी रात्रीतून खाली उतरतं आणि सकाळी मोटार नुसतीच ओरडत बसते. मामा मग शेणकाला करून वरून पाइपात ओतायचा. शेण झडपेच्या फटीत जाऊन बसायचं आणि मोटार पाणी उचलायची. पण तो ओतण्याआधी मला म्हणायचा, "पोरी, आधी विहिरीत वाकून बघ. पाणी हाय का बघ." मला तो विनोद वाटायचा. आता गाडीचा पंप बोंबलला की मी पहिल्यांदा टाकीत बघते. काटा बघत नाही. जुन्या गाड्यांतले टाकीचे काटे पंचांगासारखे असतात. बघायचं, पण भिस्त ठेवायची नाही.

मामाकडूनच दुसरी एक गोष्ट कळली होती, ती इथे फार उपयोगी पडली. पंपाच्या पुढे गळती असेल तर पाणी बाहेर येतं, ओल दिसते. पंपाच्या मागे, म्हणजे टाकीकडून ओढणाऱ्या पाइपात फट असेल, तर पंप चालताना पाणी बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. सगळं कोरडं ठणठणीत आणि नळाला मात्र फुस्स फुस्स. "हवा धरलीय" असं मामा म्हणायचा. गळती आहे आणि थेंब नाही, हे माणसाच्या मनाला चटकन पटत नाही. आपण ओल शोधत राहतो.

आमच्या गाडीचा पंप हवा धरत नव्हता. धार एकसंध होती. म्हणजे मागची बाजू निर्दोष, शोध पुढच्या बाजूला. मी टिश्यूच्या गुंडाळ्या घेतल्या आणि दिसेल त्या सांध्याला कोरडा कागद गुंडाळत सुटले. बेसिनखाली, संडासामागे, गरम पाण्याच्या बंबाच्या पाठीमागे, पलंगाखाली. बोटाला न कळणारी ओल कागदाला कळते. संडासाचं भांडंही पुसून कोरडं केलं, कारण तिथली झडप रात्रभर गुपचूप पाझरते आणि पाणी सरळ खाली जातं, मागमूस राहत नाही. गाडीच्या कुशीत जिथे बाहेरची होज जोडतात, तिथेही एक झडप असते; ती गेली तर गाडीचं पाणी बाहेरच्या बाजूने टिपकतं आणि आतला माणूस आत शोधत बसतो. सकाळी सगळे कागद कोरडे. तोवर पंप रात्रभर घुरघुरलेला.

पण त्या निमित्ताने गाडीच्या पोटातली पाइपांची सगळी वस्ती पाहून झाली. मला कागद कोरडे निघाल्याचं दुःख त्यामुळेच थोडं कमी झालं. सगळ्यांत जुनी दिसते ती तांब्याची नळी, डाख दिलेले सांधे सुबक, डाखाचा एक ओघळ कुठे नाही. ज्याने दिले त्याला घाई नव्हती, किंवा वरून बघणारा मुकादम कडक होता. मग मध्येच राखाडी प्लास्टिकचा तुकडा. हे पॉलिब्युटिलीन, १९७८ पासून १९९५ पर्यंत अमेरिकेत घरोघर आणि अशा गाड्यांतून सर्रास घातलं गेलं. पाण्यातल्या क्लोरीनने ते आणि त्याचे जोड ठिसूळ व्हायचे. घरं भिजली, लोक कोर्टात गेले आणि १९९५ मध्ये सुमारे ९५ कोटी डॉलरांची तडजोड झाली. आमच्यातला तुकडा अजून शाबूत आहे. त्याला कुणी तडजोडीची बातमी सांगितलेली नसावी. त्याच्यापुढे निळ्या-लाल नव्या नळ्या, थंडाची निळी, गरमाची लाल, फक्त एका ठिकाणी लाल संपली म्हणून निळीच जोडलेली. आणि बंबामागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी, बागेतल्या होजचा वीतभर तुकडा दोन्हीकडून क्लँपने आवळलेला. तो लावणारा गाडीचा जुना मालक मला सर्वांत जवळचा वाटला. प्रवासात काही तरी फुटलं असणार, दुकान लांब असणार, पोरं भुकेली असणार, आणि हाताशी होज असणार. घरी गेल्यावर नीट करू म्हणाला असेल.

बेसिनखालच्या एका छोट्या चावीवर पिवळट पडलेली चिकटपट्टी आहे, तिच्यावर पेनाने लिहिलंय: बंदच ठेवा. अक्षर वळणदार, बहुधा बाईचं. कारण दिलेलं नाही. नवरा म्हणाला, उघडून बघू. मी म्हटलं, अरे, कुणी तरी आपल्यासाठी लिहून ठेवलंय, उगाच कशाला? त्या चावीचा पाइप कुठे जातो ते मी अजून पूर्ण शोधलेलं नाही. पाइप लाकडी फळीमागे जातो आणि पलीकडे बाहेर येत नाही.

या असल्या जुन्या पाइपांकडे बघताना फ्लिंट आठवल्याशिवाय राहत नाही. पॉन्टिअ‍ॅकहून तासाभराच्या आत ते गाव आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये खर्च वाचवायला त्या शहराने डेट्रॉईटकडून घेतलं जाणारं पाणी बंद केलं आणि आपल्याच नदीचं पाणी नळांना सोडलं. ते पाणी पाइप खाणारं होतं, आणि पाइप वाचवणारं औषध त्यात घातलं नव्हतं. वर्षानुवर्षं पाइपांच्या आत धरलेला थर सुटला आणि शिसं घराघरांत उतरलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जनरल मोटर्सच्या तिथल्या इंजिन कारखान्याने ते पाणी घेणं बंद केलं, कारण इंजिनाचे भाग गंजत होते. लोक मात्र तेच पाणी आणखी वर्षभर पीत राहिले. आमच्या ओळखीच्यांत मोटारवालेच जास्त, त्यामुळे ही गोष्ट आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर इंजिनाच्या बाजूने सुरू झाली. लोखंडाला काय झालं, सुटे भाग कसे दिसत होते. मध्येच कुणाची तरी बायको म्हणाली, "आणि मुलं?" मग थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. तिथल्या आयांना पाण्याचा रंग आणि वास आधीच कळला होता. त्या बाटल्या भरभरून सभांना घेऊन गेल्या होत्या. त्यांना पाणी ठीक आहे असं सांगून परत पाठवलं गेलं.

मिशिगनमध्ये गाडीच्या पाण्याचा खरा वैरी हिवाळा. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं, आणि बंद नळ आणि बर्फ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याला जायला जागा राहत नाही. म्हणून पाइप बऱ्याचदा बर्फ असतो तिथे फुटतच नाही, थोडा पलीकडे फुटतो. ऑक्टोबर संपत आला की टाकी, बंब, पाइप सगळं रिकामं करायचं आणि गुलाबी द्रव पंपाने सगळीकडे फिरवायचा, प्रत्येक नळातून गुलाबी धार येईपर्यंत. हा द्रव इंजिनात घालतात त्या विषारी हिरव्याचा सोज्वळ भाऊ, पोटात गेला तर अपाय नाही. पण वसंतात कितीही धुतलं तरी पहिल्या चहाला त्याची गोडसर चव लागते. धुतल्यावर मग ब्लीचचं पाणी: दर १५ गॅलनांना पाव कप, काही तास तसंच ठेवून पुन्हा धुवायचं. पहिला चहा गोड, दुसरा तरणतलावाचा. तिसऱ्याला कुठे चहा चहासारखा लागतो. नवरा तोपर्यंत कॉफी पितो.

गळतीचा उलगडा शेवटी बाहेरच्या नळाने केला. कॅम्पच्या जागेवर पांढरी होज जोडली की गाडी थेट बाहेरच्या पाण्यावर चालते, पंपाला सुट्टी. अशा वेळी पंपातली झडप धड असेल तर बाहेरचं पाणी पंपाशी येऊन थांबतं. ती पाझरत असेल तर पाणी उलट्या पावली पंपातून टाकीत शिरतं. टाकीचं प्लास्टिक त्यावर उजेड धरला की पाण्याची पातळी दाखवतं. तिथे मी पेन्सिलीने रेघ ओढली, पंप बंद केला आणि आम्ही दिवसभर हिंडायला गेलो. संध्याकाळी पाणी रेघेच्या दोन बोटं वर होतं. कुणी न भरता. चोर सापडला होता, आणि तो मामाचा फूटव्हॉल्व्हच होता, फक्त नखाएवढा, रबरी.

पंप उघडला. झडपेच्या ओठात पांढऱ्या प्लास्टिकचा एक कुरळा किस अडकला होता. टाकीला कधी तरी कुणी नवा जोड बसवण्यासाठी भोक पाडलं असणार, भोकाचा किस आत पडला असणार. असल्या किसासाठीच पंपाच्या तोंडाशी जाळी असते. आमच्या जाळीच्या डबीत जाळीच नव्हती. सारखी तुंबत होती म्हणून कुणी तरी काढून टाकली असावी. म्हणजे एकाने किस पाडला आणि दुसऱ्याने त्याला वाट करून दिली. दोघांची गाठभेट कधी झाली नसेल. मी किस काढला, नवी जाळी बसवली, पंप लावला. शेणकाल्याची वेळ आली नाही.

त्यानंतर पंप रात्रभर गप्प असतो, फक्त एकदाच, पहाटेच्या सुमाराला, अर्धा क्षण घुरघुरतो. मी पुन्हा कागद गुंडाळायला निघाले होते. शेजारी राहणारे वृद्ध गृहस्थ पॉन्टिअ‍ॅकच्याच कारखान्यात कामाला होते, त्यांनी थांबवलं. म्हणाले, झोपताना बंब तापवता ना? तापलेलं पाणी रात्रीतून निवतं, निवताना आकसतं, दाब थोडा उतरतो. पंप बिचारा तेवढंच भरून काढतो. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. मला हे कळलं, पटलंही. तरी त्या वेळी मी जागी असतेच.

या जुलैत आम्ही सुपीरियर सरोवराच्या काठी म्युनिसिंगजवळ होतो. संध्याकाळी पलीकडच्या जागेवरून एक तरुण मुलगी आली. आजोबांची गाडी तिच्याकडे आलेली, गाडी आमच्याहूनही म्हातारी. आमची गाडी बघून तिला वाटलं, या लोकांना कळत असेल. म्हणाली, पंप सुरू केलाय तो थांबतच नाहीये, आणि नळाला पाणी नाही.

"टाकीत पाणी आहे ना?" मी विचारलं.

"काटा तर भरलेली दाखवतोय."

"काट्याचं राहू दे."

मी विजेरी घेतली, टिश्यूची गुंडाळी घेतली. नवरा मागून म्हणाला, "अगं, चहा निवतोय."

"झाकून ठेव."

वाटेत तिने विचारलं, तुम्ही प्लंबिंगचं काम करता का? मी म्हटलं, नाही, मी लातूरची. मग लातूर कुठे, तिथे पाणी कसं यायचं, ते सांगत आम्ही तिच्या गाडीपर्यंत पोचलो. पंप खरंच थांबत नव्हता. तिने दार उघडलं आणि मी आत वाकून आधी ऐकत राहिले.